सत्तरावे सप्तक

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून पडू लागले, त्याच दिवसांत स्कॉटलंड यार्डच्या गुन्हे तपास विभागाची सूत्रे रॉबर्ट अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याकडे आली. जॅक द रिपरवरची पुस्तके चाळणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते. त्या पुस्तकांत सहसा न येणारी गोष्ट अशी, की या पदावर येण्याच्या काही वर्षे आधीच अँडरसनने एका वेगळ्या प्रकरणाचा तपास करून तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला होता. प्रकरण होते बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले. तिथे गब्रीएल देवदूत दानीएलला यहुदी लोकांच्या पुढच्या काळाचा एक आराखडा देतो, सत्तर सप्तकांचा.

अँडरसनने एका सप्तकाची सात वर्षे धरली. वर्ष धरले ३६० दिवसांचे, कारण बायबलमधल्याच प्रकटीकरणाच्या पुस्तकात बेचाळीस महिने आणि १,२६० दिवस एकाच कालखंडासाठी येतात. आरंभ धरला इ.स.पू. ४४५ मधला, पर्शियाचा राजा अर्तहशश्त याने नहेम्याला यरुशलेम पुन्हा उभारायची परवानगी दिली तो महिना. त्या महिन्यातल्या चंद्राचे गणित त्याने ग्रिनिचच्या शाही वेधशाळेकडून करून घेतले आणि तारीख ठरवली, १४ मार्च. तिथून एकोणसत्तर सप्तके, म्हणजे ४८३ वर्षे, म्हणजे १,७३,८८० दिवस मोजत तो इ.स. ३२ च्या ६ एप्रिलला पोचला. त्याच्या मते येशू शिंगरावर बसून यरुशलेमात शिरला आणि लोकांनी झावळ्या हातात घेऊन त्याचा जयजयकार केला, तो हाच दिवस.

या हिशेबावर पुढे पुष्कळ आक्षेप आले. बहुतेक अभ्यासक येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू इ.स. ३० किंवा ३३ मधला मानतात. ३२ त्यात बसत नाही. मला मात्र या गणितातली तारीख तितकीशी खेचत नाही. मला खेचते ती त्यात उरलेली शिल्लक. सप्तके होती सत्तर आणि मोजणी एकोणसत्तरावर थांबली. उरलेली सात वर्षे गेली कुठे?

अँडरसन आणि त्याच्या मताचे लोक सांगत, ती अजून आलेलीच नाहीत. यरुशलेमने येशूला ख्रिस्त म्हणून स्वीकारले नाही तेव्हा देवाने मोजणी थांबवली. तेव्हापासूनची जवळजवळ दोन हजार वर्षे, म्हणजे चर्चचा सगळा इतिहास, रोमचे पतन, धर्मयुद्धे, छापखान्याचा शोध, तुमचे-आमचे जन्म, हे सारे एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकाच्या मधल्या फटीत घडते आहे. एक दिवस, कोणतीही पूर्वसूचना न देता, ख्रिस्त आकाशात येईल. मरण पावलेले विश्वासी उठतील, जिवंत असलेले त्यांच्यासह वर घेतले जातील. मग राहिलेल्या जगासाठी मोजणी पुन्हा सुरू होईल आणि सात वर्षांचे महासंकट येईल. ख्रिस्तविरोधक इस्राएलशी करार करील, मध्यावर तो मोडील, हर्मगिदोनची लढाई होईल. त्यानंतर ख्रिस्त सर्वांना दिसेल असा पृथ्वीवर उतरून यरुशलेमातून हजार वर्षे राज्य करील. अखेर न्याय, आणि नवे आकाश, नवी पृथ्वी.

यातल्या पहिल्या घटनेला इंग्रजीत रॅप्चर म्हणतात. आपल्याकडच्या काही मंडळ्यांत 'मंडळीचे उचलले जाणे' असे म्हणतात, आणि पुष्कळदा रॅप्चर हाच शब्द चालतो. अमेरिकी सिनेमे आणि कादंबऱ्यांमुळे बाहेरच्या माणसाला वाटते की सगळे ख्रिस्ती हेच मानतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चने हे कधीच शिकवलेले नाही, बहुतेक लुथरन आणि अँग्लिकनांनीही नाही. ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, हे सगळे जण आपल्या मतांगिकारात दर रविवारी म्हणतात. पण तो दोन टप्प्यांत येईल, आधी गुपचूप आणि सात वर्षांनी उघड, ही मांडणी आजच्या रूपात जेमतेम दोनशे वर्षांची आहे.

तिचा कर्ता म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो जॉन नेल्सन डार्बी आयर्लंडच्या चर्चमधला तरुण धर्मगुरू होता. १८२७ च्या सुमारास तो घोड्यावरून पडून जबर जखमी झाला आणि डब्लिनला बहिणीच्या घरी बरे होताना महिनोन्‌महिने बायबल घेऊन पडून राहिला. तिथे त्याला एक भेद दिसला, आणि त्या भेदावर पुढचे सगळे उभे राहिले. इस्राएल आणि चर्च हे देवाचे दोन वेगळे लोक आहेत, एकाला दिलेली वचने पृथ्वीवरची आणि दुसऱ्याची स्वर्गातली, असे तो मानू लागला. मग पृथ्वीवरची वचने पुरी व्हायची तर स्वर्गातल्या लोकांना आधी बाजूला काढले पाहिजे. रॅप्चर या तर्कातून निघते. १८३० च्या दशकाच्या आरंभी विकलोमधल्या पॉवर्सकोर्टच्या जहागिरीत लेडी पॉवर्सकोर्टच्या पुढाकाराने भविष्यवाण्यांवर परिषदा भरल्या आणि तिथे हे विचार घासूनपुसून निघाले. डार्बीच्या आधीही अशा कल्पनेच्या ठिणग्या इकडेतिकडे सापडतात, असे काही अभ्यासक दाखवतात. पण त्यांची एकसंध व्यवस्था त्याने लावली.

ती पसरली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. डार्बीने स्वतः अमेरिकेच्या अनेक फेऱ्या केल्या, पण खरे काम केले पानाच्या मांडणीने. सायरस स्कोफिल्ड नावाच्या, एकेकाळी वकिली केलेल्या पाळकाने १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून एक बायबल प्रसिद्ध केले. त्यात मूळ वचनांखाली, त्याच पानावर, डार्बीच्या वळणाच्या टिपा होत्या. वाचणाऱ्याची नजर वचनावरून टिपेवर आणि टिपेवरून वचनावर जात राहिली, आणि दोन पिढ्यांत असंख्य घरांत दोन्ही एकच वाटू लागले. क्लॅरेन्स लार्किन नावाच्या पाळकाने याच विचारांचे तक्ते काढले. तो आधी यंत्रांचे आराखडे काढणारा अभियंता होता. त्यामुळे युगे, महासंकट, पाताळ आणि स्वर्ग त्याच्या कागदावर एखाद्या बॉयलरच्या छेदचित्रासारखे नीट मोजून आखलेले दिसतात. ते तक्ते मी बराच वेळ न्याहाळत बसतो. काळाचा शेवट इतक्या सरळ रेषांत काढता येतो असा विश्वास ज्या हाताला वाटला, त्या हाताबद्दल मला आदर वाटतो, त्याची रेषा मला पटो न पटो.

ज्या वचनावर हे सारे टेकलेले आहे ते मात्र आराखड्यात आलेलेच नाही. ते एका सांत्वनाच्या पत्रात आहे.

इ.स. ५० च्या आसपास पौलाने ग्रीसमधल्या थेस्सलनीका गावच्या मंडळीला पत्र लिहिले. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी हे एक, चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. ही मंडळी अगदी नवी होती. ख्रिस्त लवकरच परत येईल या आशेवर ती जगत होती, आणि तेवढ्यात तिच्यातली काही माणसे वारली. मागे राहिलेल्यांना जो प्रश्न पडला तो कुणालाही पडेल. तो येईल तेव्हा आम्ही असू, पण आमचे गेलेले? ते या सोहळ्याला मुकले का? पौल त्यांना सांगतो, मुकणार नाहीत. उलट आधी तेच उठतील, मग आपण जे जिवंत असू ते त्यांच्यासह मेघांत वर घेतले जाऊ, प्रभूला अंतराळात भेटू आणि सदैव त्याच्याजवळ राहू. या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा, अशी सूचनाही तो पुढे देतो. सात वर्षांचा उल्लेख इथे नाही, आणि अंतराळात भेटल्यावर पुढे कुठे जायचे हेही लिहिलेले नाही.

त्या न लिहिलेल्या जागेवर मोठा वाद आहे. डार्बीचे अनुयायी म्हणतात, तिथून वर, स्वर्गात. त्यांचा प्रतिवाद करणारे त्या काळच्या एका रिवाजाकडे बोट दाखवतात. राजा किंवा मोठा अधिकारी गावाला येणार असला की नगरातले लोक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि त्याच्याबरोबर वाजतगाजत परत नगरात येत. पौल स्वतः रोमजवळ पोचला तेव्हा तिथले बंधू असेच वाटेवर त्याला सामोरे आले होते. येशूच्या दाखल्यातल्या दहा कुमारीही नवऱ्या मुलाला सामोऱ्या जायला निघतात. मराठी माणसाला हे सीमांतपूजनावरून चटकन कळेल. वधूकडचे लोक वेशीवर जातात ते वराला घेऊन घरी यायला. तिथूनच त्याच्या गावी निघून जायला नव्हे. या वाचनाप्रमाणे विश्वासी वर जातील ते येणाऱ्या राजाला पृथ्वीवर आणण्यासाठी. दिशाच उलटी झाली. वचन एक, एका वाचनात पृथ्वी सोडायची आहे आणि दुसऱ्यात पृथ्वीकडे यायचे आहे.

असेच दुसरे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक राहील. जात्यावर दोघी असतील, तिथेही तसेच. रॅप्चर मानणाऱ्यांच्या मनात हे चित्र खोल रुजलेले आहे, आणि 'मागे राहणे' हे त्यांचे सर्वांत मोठे भय असते. १९९५ पासून निघालेल्या आणि कोट्यवधी प्रती खपलेल्या अमेरिकी कादंबरीमालेचे नावच 'लेफ्ट बिहाइंड' आहे. पण याच उताऱ्यात किंचित वर नोहाचा दाखला आहे. जलप्रलय आला आणि लोकांना घेऊन गेला, नोहा मागे राहिला. म्हणजे 'घेतला गेला' तो बुडाला आणि 'राहिला' तो वाचला! हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी उतारा पुन्हा वरपासून वाचला. दोन्ही बाजूंचे विद्वान इथे आपापली बाजू लढवतात, आणि उतारा दोघांनाही पुरून उरतो.

दुसरी गुंतागुंत हजार वर्षांची. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सैतानाला साखळदंडाने बांधले जाते आणि ख्रिस्ताबरोबर त्याचे लोक हजार वर्षे राज्य करतात. हजार वर्षे हा शब्दप्रयोग त्या अध्यायात सहा वेळा येतो, अख्ख्या बायबलात अशा राज्याचा इतका स्पष्ट उल्लेख दुसरीकडे नाही. सहा ओळींवर दोन हजार वर्षांचे मतभेद उभे आहेत. ख्रिस्त त्या राज्याआधी येणार की नंतर, आणि ते राज्य खरोखरचे की प्रतीकाचे, यावरून तीन मोठी घराणी पडली.

सुरुवातीच्या पुष्कळ ख्रिस्ती लेखकांना ते राज्य खरोखरचे वाटे. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा बिशप पापियास याने तर त्या राज्यातल्या द्राक्षवेलीचे वर्णन नोंदवून ठेवले. प्रत्येक वेलीला दहा हजार फांद्या, प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या, प्रत्येक डहाळीला दहा हजार कोंब, प्रत्येक कोंबाला दहा हजार घड, घडात दहा हजार द्राक्षे, आणि एकेका द्राक्षातून पंचवीस मापे रस. हिशेब केला तर एका वेलीवर एकावर वीस शून्ये इतकी द्राक्षे होतात. एखादा संत घड तोडायला गेला की शेजारचा घड म्हणेल, मी अधिक चांगला आहे, मला घे. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस याने पापियासला मंदबुद्धी म्हणून निकालात काढले. मला त्या वर्णनात उपाशी माणसांच्या गावातले स्वप्न दिसते, आणि ते मंद बुद्धीचे वाटत नाही.

मग ऑगस्टीन आला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या या बिशपने आपणही एके काळी तसेच मानत होतो असे लिहिले आहे. ४१० मध्ये रोम लुटले गेले, सनातन वाटणारे शहर कोसळले, आणि त्यानंतर त्याने 'देवाचे नगर' हा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या विसाव्या भागात तो सांगतो, हजार वर्षे हा आकडा पूर्णत्वाचा आहे. ते राज्य पुढे यायचे नाही, ते ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून चालूच आहे, चर्च हेच ते. एका वळणावर भविष्य वर्तमान झाले. कॅथलिक चर्च, बहुतेक लुथरन आणि सुधारित परंपरेतल्या कित्येक मंडळ्या आजही साधारण इथेच उभ्या आहेत. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसाला रॅप्चरबद्दल विचारले तर तो बहुधा बुचकळ्यात पडेल. त्याच्या उपासनेच्या वर्षात अंतकाळाची वाचने नोव्हेंबरात येतात, ख्रिस्तराजाचा सण होतो, आणि लगेच आगमनकाळ सुरू होऊन नाताळची तयारी लागते. पूर्वेकडच्या ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चांची तऱ्हा त्याहून वेगळी. प्रकटीकरण त्यांच्या बायबलात आहे, त्याची चित्रे भिंतींवर आहेत, पण उपासनेत वाचायच्या नेमलेल्या उताऱ्यांत हे पुस्तक येतच नाही. ज्या ग्रीक भाषेत ते लिहिले गेले, त्याच भाषेच्या चर्चने ते जाहीर वाचनाबाहेर ठेवले.

काही अभ्यासक तर म्हणतात, या पुस्तकातले पुष्कळसे घडून गेले आहे. त्यातल्या श्वापदाचा आकडा ६६६. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते, आणि 'नेरोन कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली तर ६६६ होते. नेरोन ऐवजी लॅटिन उच्चाराप्रमाणे नेरो लिहिले तर एक अक्षर, पन्नासाचे, कमी होऊन ६१६ उरतात. आणि इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखस गावच्या जुन्या उकिरड्यातून मिळालेल्या एका पपायरसावर, तसेच काही इतर हस्तलिखितांत, आकडा ६१६ असाच आहे! ख्रिस्ती लोकांना छळणारा रोमन सम्राट हे श्वापद असेल, तर पुस्तक पहिल्या शतकातल्या भेदरलेल्या माणसांना लिहिलेले होते. त्यांना त्याचा अर्थ तक्त्यांवाचून कळत असणार.

तिसरे घराणे आज लहान आहे, पण त्याचा ठसा आपल्या मराठीवर आहे, म्हणून इथे मी थोडा थांबतो. या घराण्याला वाटे की ख्रिस्त हजार वर्षांच्या सुखाच्या काळानंतर येईल, आणि तो काळ शुभवर्तमानाच्या प्रसाराने, शिक्षणाने, माणसांच्या प्रयत्नांतून हळूहळू उजाडेल. अठराव्या शतकात न्यू इंग्लंडमधल्या जॉनथन एडवर्ड्‌सने याला बळ दिले. त्याचा शिष्य सॅम्युअल हॉपकिन्स याने १७९३ मध्ये त्या येणाऱ्या काळावर एक प्रबंधच लिहिला. त्याला दिसलेल्या जगात युद्धे नाहीत, शेतीची आणि कारागिरीची कला इतकी सुधारलेली की माणसाला दिवसातून दोन-तीन तासच अंगमेहनत पुरे, उरलेला वेळ वाचन आणि सत्संगाला, आणि सगळ्यांची भाषा एक.

या परंपरेच्या हवेत वाढलेला गॉर्डन हॉल नावाचा तरुण १८१३ च्या फेब्रुवारीत सॅम्युअल नॉट या सोबत्यासह मुंबईला उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला हे लोक नको होते, कलकत्त्याहून त्यांना परत धाडायचे आदेश निघाले होते. ते टिकून राहिले आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. हॉलने एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेले पुस्तक १८१८ मध्ये निघाले, त्याचा विषय जगातल्या साठ कोटी लोकांपर्यंत पोचायचे कसे, हा. ते लोक जगाच्या उजाडण्याची तयारी करत होते, आणि उजाडायचे तर माणसांना वाचता आले पाहिजे. म्हणून शाळा, म्हणून १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा, म्हणून छापखाना. १८२६ मध्ये हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारला. छापखाना राहिला. तिथे टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली देवनागरी टाइप घडले, तिथे काम शिकून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि पंचांग छापले, तिथेच लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभारले. प्रकटीकरणाच्या सहा ओळींचा एका विशिष्ट तऱ्हेने लावलेला अर्थ अटलांटिक ओलांडून मुंबईला आला, आणि त्याच्या वाटेवर कुठेतरी आपल्या पंचांगाचे आणि संस्कृत काव्यमालेचे खिळे पडले. मिशनऱ्यांचे हेतू काही एवढ्या एकाच धाग्याचे नव्हते, हे खरे. पण हा धागा तिथे होता, आणि तो ओढून पाहिला की मला थरारून जायला होते.

त्याहून विलक्षण असे की उलट मताचे लोकही इथेच आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत वारे फिरले होते. यादवी युद्धाने सहा लाखांहून अधिक माणसे मारली, शहरे बकाल झाली, आणि जग सुधारत सुधारत हजार वर्षांच्या राज्यात शिरेल हे पुष्कळांना पटेनासे झाले. जग बुडते आहे, तेव्हा जेवढे वाचवता येतील तेवढे जीव वाचवावेत, असे प्रचारक सांगू लागले. न्यूयॉर्कचा ए. बी. सिम्पसन याच मताचा. पण त्याने मत्तयातले एक वचन धरून ठेवले होते, सर्व राष्ट्रांना शुभवर्तमान सांगून झाले म्हणजे शेवट येईल, असे. म्हणजे जितक्या लवकर सांगून होईल तितक्या लवकर राजा येईल. त्याच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची माणसे वऱ्हाडात आली, अकोल्याला त्यांचे ठाणे झाले, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी त्यांनी अनाथाश्रम चालवले. पहाट जवळ आली म्हणून एक जण मुंबईला उतरला, रात्र जवळ आली म्हणून दुसरा अकोल्याला. दोघांनीही मराठी शिकायला घेतले.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये जे घडले तेही याच कथेत बसते. मुली रात्र रात्र प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अनोळखी शब्दांत बोलू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स आणि त्या काळचे अनेक जण याला योएल संदेष्ट्याने सांगितलेला शेवटच्या दिवसांतला आत्म्याचा वर्षाव मानत होते. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या आधी येते. आणि त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. ते काम १९२२ मधल्या त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. शेवटचा काळ आला असे ज्या घरात मानले जात होते, त्या घरात वर्षानुवर्षे मुळाक्षरांपासून नवी भाषा शिकण्याचा धीर होता.

तारखा ठरवणाऱ्यांचे काय होते, हे सांगायचे तर विल्यम मिलरला टाळता येत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या कडेचा हा शेतकरी, १८१२ च्या युद्धातला सैनिक, नंतर बाप्टिस्ट प्रचारक. दानीएलमधले २,३०० दिवस त्याने वर्षे मानली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि १८४३-४४ पर्यंत आला. त्याच्या एका अनुयायाने जुन्या यहुदी पंचांगावरून नेमकी तारीख काढली, २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक वाट पाहत राहिले. कित्येकांनी बटाटे काढले नाहीत, पीक उभे ठेवले, कर्जे फेडून टाकली. पांढरे झगे घालून ते टेकड्यांवर चढल्याची गोष्ट खूप सांगितली जाते, तिला मात्र भक्कम पुरावा नाही. मध्यरात्र झाली, उजाडले. त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवले आहे की ते पहाटेपर्यंत रडत होते. इतिहासात त्या दिवसाला 'महानिराशा' हेच नाव पडले.

तिथे गोष्ट संपायला हवी होती. काही जण पुन्हा वचनांकडे वळले आणि म्हणाले, तारीख बरोबर होती, घटना पृथ्वीवरची नव्हती; त्या दिवशी ख्रिस्ताने स्वर्गातल्या मंदिरात आपल्या कामाचा शेवटचा टप्पा सुरू केला. त्यांच्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. पुण्याचे स्पायसर कॉलेज आणि सॅलिसबरी पार्कातले त्यांचे प्रकाशनगृह यांचे मूळ त्या रडण्याच्या रात्रीत आहे. त्यांचा हजार वर्षांचा नकाशा तर सर्वांहून निराळा. तो काळ विश्वासी स्वर्गात घालवतील आणि पृथ्वी निर्मनुष्य, उद्ध्वस्त पडून राहील, सैतान तिच्यावर एकटा भटकत राहील.

हे सारे अडाणी माणसांचे खूळ असे ज्याला वाटते, त्याने आयझॅक न्यूटनची हस्तलिखिते आठवावीत. त्याने दानीएल आणि प्रकटीकरण यांवर आयुष्यभर लिहिले. त्यातला काही भाग मृत्यूनंतर १७३३ मध्ये छापला गेला, पुष्कळसा आज यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एका कागदावर त्याने इ.स. ८०० मध्ये १,२६० मिळवून २०६० हे वर्ष काढले आहे, शेवट त्याआधी येईल असे आपल्याला दिसत नाही अशा अर्थाने. उठसूट तारखा सांगणाऱ्यांना आळा बसावा, हा आपला हेतूही त्याने सोबत नोंदवला आहे.

रॅप्चर मानणाऱ्यांतही एकमत नाही. काही जण ते सात वर्षांच्या आधी मानतात, काही मध्यावर, काही देवाचा कोप ओतला जाण्याच्या जरा आधी, काही संकटाच्या अगदी शेवटी. शेवटच्या गटाचा जॉर्ज एल्डन लॅड हा अमेरिकी अभ्यासक कळकळीने विचारत असे, की चर्चने छळातून जाऊ नये असे बायबलात कुठे आहे? डार्बीच्या बाजूचे उलट विचारतात, की आधी ठराविक घटना घडायच्या असतील तर तो कोणत्याही क्षणी येईल असे जागे राहायचे कसे? दोन्ही प्रश्न खरे आहेत असे मला वाटते, आणि दोन्हींच्या मुळाशी थेस्सलनीकेच्या त्या घरांतली हुरहुर आहे.

तारखेबद्दल येशूचे स्वतःचे शब्द मत्तय आणि मार्क दोघांनीही नोंदवले आहेत. तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, या अर्थाचे. पुत्रालाही नाही! चौथ्या शतकात एरियसच्या अनुयायांनी हे वचन पुढे केले. पुत्राला जे ठाऊक नाही ते पित्याला ठाऊक असेल तर दोघे समान कसे, असे त्यांचे विचारणे. मिलानचा बिशप अँब्रोज याला तर शंका आली की 'पुत्रालाही नाही' हे शब्द कुणीतरी मागाहून घुसडले असावेत. मत्तयाच्या पुष्कळ हस्तलिखितांत ते शब्द सापडत नाहीत, नकला करणाऱ्यांना ते लिहवले नसावेत असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. मार्काच्या हस्तलिखितांत मात्र ते जवळजवळ सर्वत्र जसेच्या तसे राहिले आहेत.